मृगाआधी निवारा, नाहीतर न्यायालय

महापालिका आयुक्त, महापौर, स्थायी समितीचे सभापती, सर्व नगरसेवक आणि ज्यांच्या टेबलावर येऊन फाईल बसकण मारते ते अधिकारी, यांना हा जाहीर इशारा आहे. शहराचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. वाचताना ज्या महापालिकेला हे आपल्याबद्दल लिहिलंय असं वाटेल, तिने ते आपल्याबद्दलच आहे असं समजून चालावं.

बेघरांचा विषय काढला की वर्षानुवर्षं तुमच्याकडून एकच उत्तर येतं: निधी नाही. हे उत्तर आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. निधी होता. केंद्राचा होता, राज्याचा होता, आणि तो मिळवायला एक सर्वेक्षण, एक जागा, एक ठराव आणि एक प्रस्ताव एवढं लागत होतं. तुम्ही यातलं काहीही केलं नाही. मागितलंच नाही तर मिळणार कुठून? आता पुन्हा संधी समोर आली आहे आणि या वेळी ती तुम्हाला झोपेत घालवू द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. ३१ मेच्या आत प्रस्ताव मंत्रालयात गेला पाहिजे. ७ जूनच्या सुमारास मृग निघतो. त्याआधी उघड्यावर झोपणाऱ्यांच्या डोक्यावर, तात्पुरतं का होईना, छप्पर आलं पाहिजे. तसं झालं नाही तर पुढचं बोलणं उच्च न्यायालयात होईल.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. काही वकील, दोन-तीन निवृत्त शिक्षक, समाजकार्य महाविद्यालयातली मुलं, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, आणि फुटपाथवर राहून कष्टाचं खाणारी माणसं. आमच्यात कुणाला तिकीट नको आहे, कुणाला निवारा चालवायचं कंत्राट नको आहे. तेव्हा कुणी 'सेटिंग' करायला येऊ नये.

माहिती अधिकारात आम्ही चार साधे प्रश्न विचारले होते. शहरात बेघर किती? त्यांचं सर्वेक्षण कधी झालं? निवारे किती आणि कुठे? निधीसाठी शासनाकडे किती प्रस्ताव पाठवले? उत्तरादाखल एक तक्ता आला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात 'निरंक'. तिसऱ्यात 'एक'. त्या एकाकडे पुढे येतोच.

पाच लाख वस्तीच्या शहरात एकही बेघर नाही! खरं असतं तर नगरविकास विभागाने तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं.

रात्री अकरानंतर एसटी स्टँडवर जाऊन बघा. शेवटच्या फलाटाच्या कोपऱ्यात एक बाई झोपते. पिशवीचा बंद ती स्वतःच्या मनगटाला गाठ मारून बांधते. पिशवीत केटररने दिलेली युनिफॉर्मची साडी असते, आणि साडी गेली की दुसऱ्या दिवशीचं काम गेलं. मंगल कार्यालयात दिवसभर शेकडो ताटं वाढणारी ही बाई रात्री फलाटावर पाय दुमडून झोपते, कारण बाकावर मध्ये मध्ये लोखंडी दांडे ठोकले आहेत. कुणी आडवं होऊ नये म्हणून. त्या दांड्यांसाठी निधी मिळाला, त्याचा ठरावही झाला असणार. पहाटे पाचला फलाट धुवायला पाण्याचा पाइप येतो तेव्हा ती उठते. पाऊस सुरू झाला की फलाटाचा तो कोपरा गळतो, आणि मग ती रात्रभर बसून काढते.

तिथून पुलाखाली जा. भाजी मंडईच्या ओट्यांवर जा, तिथे हमाल झोपलेले असतात. सरकारी दवाखान्याच्या आवारात जा. नाक्यावर कामासाठी उभे राहणारे बिगारी रात्री कुठे पाठ टेकतात तेही बघा. सिग्नलवर फुगे आणि मोबाइलचे स्टँड विकणाऱ्या कुटुंबांची चूल बघा. त्यातली बरीचशी कुटुंबं भटक्या-विमुक्तांची आहेत. त्यांच्या आजोबांना गाव नव्हतं, नातवांना वॉर्ड नाही.

हे लोक तुमच्या कागदावर का नाहीत? कारण तुमचा माणूस मोजायला गेलाच तर दुपारी जातो. दुपारी दोन वाजता पुलाखाली बेघर सापडणार नाहीत, ते कामावर असतात. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री केली होती, ती उगाच नाही. त्या एका रात्रीत देशभरात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांवर आणि एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. ही संख्यादेखील कमीच आहे, असं या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण सांगतो. निवडणूक आयोगालाही हे कळतं. बेघर माणसाने मतदार यादीत नाव घालायला अर्ज केला तर त्याने सांगितलेल्या जागी बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते बघायचं, असा आयोगाचा नियम आहे. मतासाठी सरकारी माणूस रात्री जाऊ शकतो. मग निवाऱ्यासाठी का नाही?

आता पैशाचा हिशेब करू. तो तुम्हाला माहीत नाही असं नाही, पण नगरसेवकांना आणि शहरातल्या लोकांना तो कुणी सांगितलेला नाही.

२०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या थंडीत बेघर माणसं मरत असल्याचं पत्र सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले आयुक्त डॉ. एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी न्यायालयाला लिहिलं. अन्नाच्या हक्काची याचिका तेव्हा न्यायालयापुढे होतीच. त्यातून आदेश निघाले: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असलेला निवारा हवा, तोही वर्षभर, चोवीस तास. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा त्याचा एक घटक झाला. खर्चातला केंद्राचा वाटा सुरुवातीला ७५ टक्के होता, पुढे ६० टक्के झाला, उरलेला राज्याचा. नवीन इमारत बांधायला पैसे होते, जुनी दुरुस्त करून वापरायला पैसे होते, आणि निवारा पाच वर्षं चालवायलाही पैसे होते. पन्नास जणांच्या निवाऱ्याला वर्षाला सहा लाख रुपये, असा २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतला हिशेब आहे. माणशी महिन्याला हजार रुपये झाले.

हजार रुपयांत निवारा नीट चालत नाही, हे आम्हीही मान्य करतो. महिन्याच्या पन्नास हजारांत तीन पाळ्यांच्या काळजीवाहकांचे किमान वेतनाने पगार काढायचे, वीजबिल, पाणी, चादरी धुणं, फिनेल, औषधपेटी भागवायची, तर शेवटी कुणाचा तरी पगार थकतो. बहुतेक वेळा रात्रपाळीवाल्याचाच. म्हणून वरची भर महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून घालायची असते. पण मूळ रक्कम मागायलाच तुम्ही गेला नाहीत, तिथे भर घालण्याची गोष्ट कशाला?

नियमाप्रमाणे पाच लाखांच्या शहरात किमान पाचशे जणांची सोय हवी. पन्नास-पन्नासचे दहा निवारे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. त्याच नियमाने तिथे शंभर-शंभर जणांचे सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते आणि त्याच्या जवळपासही ती कधी पोचली नाही. त्यामुळे 'मुंबईत तरी कुठे झालेत' हे कारण तुमच्या एका अधिकाऱ्याने बैठकीत दिलं, ते त्याने पुन्हा देऊ नये. मुंबईने केलं नाही म्हणून आपणही करायचं नाही, हा कुठला न्याय?

११ नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. योजनेचा पैसा असताना निवारे का उभे राहत नाहीत, हे तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. नंतर २०१८ मध्ये प्रत्येक राज्याने देखरेख समिती नेमावी असा आदेश झाला आणि ज्या राज्यांनी चालढकल केली त्यांना त्याच वर्षी दंड झाला. न्यायालय या विषयात काय करतं ते यावरून ओळखा.

उपजीविका अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तेव्हापासून तुमच्या तोंडी नवं वाक्य आलं आहे: योजनाच बंद झाली, आता आम्ही काय करणार? अकरा वर्षं योजना सुरू होती तेव्हा 'मार्गदर्शन मागवले आहे' म्हणून सांगितलंत, ती बंद पडल्यावर योजनेचं नाव आठवलं. पण हे वाक्यही तुम्हाला वाचवणार नाही. न्यायालयाचे आदेश अभियानाच्या मुदतीला बांधलेले नव्हते; बेघराला निवारा द्यायची जबाबदारी ३० सप्टेंबरला रात्री बारा वाजता संपलेली नाही. शिवाय १२ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठासमोर ॲटर्नी जनरलनी सांगितलं आहे की, नागरी दारिद्र्य निर्मूलनाचं नवं अभियान केंद्र सरकार अंतिम करत आहे आणि बेघरांचा निवारा त्यात असेल. अशा अभियानाच्या अर्जाची खिडकी उघडते तेव्हा ज्या शहराकडे सर्वेक्षण, जागा आणि ठराव तयार असतो त्या शहराला पैसे मिळतात. बाकीची शहरं समिती नेमत बसतात.

दुसरं दार तर उघडंच आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिचे फलक तुम्ही चौकाचौकांत लावलेत, त्यावर अडीच लाखांचं अनुदान ठळक अक्षरांत छापलंत. ते अडीच लाख ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे किंवा जो घराचे उरलेले पैसे भरू शकतो त्याच्यासाठी. फलाटावरच्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे, आणि त्यात स्थलांतरित मजूर, नोकरदार महिला, विद्यार्थी यांच्याबरोबर बेघर आणि निराधार यांचा उल्लेख केलेला आहे. सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरं दुरुस्त करून भाड्याने द्यायची, किंवा नवी बांधायची, अशा दोन्ही वाटा त्यात आहेत. तुमच्या फलकांवर या घटकाची एक ओळही नाही.

आणि रिकामी घरं शोधायला लांब जायला नको. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात बांधलेल्या चार मजली इमारती शहराच्या टोकाला उभ्या आहेत. नळाच्या तोट्या गेल्या, खिडक्यांच्या चौकटी गेल्या, जिन्याचे कठडे कापून भंगारात विकले गेले. बाहेर माणसं पावसात, आत घरं रिकामी. या इमारतींची आजची स्थिती, दुरुस्तीचा अंदाजित खर्च आणि किती घरं भाड्याने देता येतील याचा आकडा, हे तुमच्या शहर अभियंत्याने महिनाभरात काढून द्यावं. आम्ही आमच्या परीने फोटो काढून ठेवले आहेत.

आता प्रस्तावाबद्दल. केवळ पाठवायचा म्हणून पाठवलेला प्रस्ताव आम्ही मान्य करणार नाही. एखाद्या सल्लागाराकडून दुसऱ्या शहराचा अहवाल आणून त्यात शहराचं नाव बदलायचं, हा उद्योग आम्हाला माहीत आहे. वेगळ्याच विषयावरच्या एका प्रस्तावात तर आपल्या शहरात समुद्रकिनारा असल्याचं निघालं होतं.

सर्वेक्षण रात्री दहानंतर, सलग काही रात्री, स्वयंसेवी संस्था आणि स्वतः बेघर असलेल्या माणसांना बरोबर घेऊन झालं पाहिजे. कोण कुठे झोपतो हे त्यांनाच ठाऊक असतं. एकट्या बायका किती, लहान मुलांसह कुटुंबं किती, म्हातारे आणि आजारी किती, काम कुठे करतात, हे वेगळं लिहिलं पाहिजे, कारण त्यावर निवारा कसला हवा ते ठरतं. नवरा-बायको-पोरं असलेलं कुटुंब पुरुषांच्या निवाऱ्यात जात नाही आणि बायकांच्याही जात नाही. त्यांची ताटातूट करायची आणि वर त्यांनी 'निवारा नाकारला' असं लिहायचं, हे चालणार नाही.

जागा कामाजवळ हवी. मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: जिथे बेघर जमतात आणि काम करतात त्याच्या शक्य तितक्या जवळ. मंडईतला हमाल पहाटे चारला गाडी उतरवायला हजर असतो. तुम्ही त्याला डम्पिंग ग्राउंडच्या पलीकडे निवारा दिला तर तो तिथे एक रात्र झोपेल आणि दुसऱ्या रात्री ओट्यावर परत येईल. मग तुम्ही अहवालात लिहाल, 'लाभार्थ्यांचा प्रतिसाद अल्प.' माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा द्यायची आहे, म्हणजे पन्नास जणांसाठी अडीच हजार चौरस फूट. बंद पडलेल्या महापालिका शाळा, वापरात नसलेली समाजमंदिरं, जुने दवाखाने यांची यादी मालमत्ता विभागाकडे असतेच. ती यादी सभेपुढे ठेवा.

कागदपत्रांचं तर नावच काढू नका. आधार कार्ड नाही म्हणून दारातून माणूस परत पाठवणारा निवारा आम्ही पाहिला आहे. आधार, बँक खातं, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, निराधारांचं अनुदान हे सगळं मिळवून देणं हे निवाऱ्याच्या कामातच धरलेलं आहे. कागद नाहीत म्हणून तर तो माणूस तुमच्या दारात आला.

उपयोगिता प्रमाणपत्राचा विषय थोडक्यात. आधी मिळालेला पैसा कुठे खर्च झाला याचं प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही, हे लेखा विभागातल्या शिपायालाही माहीत आहे. जुनं प्रमाणपत्र थकलेलं असेल तर ते आधी पाठवा.

आता त्या तक्त्यातल्या 'एक'कडे येतो. शहरात एक निवारा आहे, असं तुमचं उत्तर सांगतं. आम्ही तिथे गेलो. दारावर पाटी आहे, पाटीवर योजनेचं नाव आहे (प्रस्ताव 'निरंक' असताना ते कसं, हे तुम्हीच सांगा), आणि दाराला कुलूप आहे. खिडकीतून आत फॉगिंगची यंत्रं, मोडक्या कचराकुंड्या आणि ब्लीचिंग पावडरची पोती दिसली. पलंग होते, एकावर एक रचून भिंतीला टेकवलेले, गाद्यांवरचं प्लास्टिकदेखील काढलेलं नव्हतं. पाण्याच्या टाकीला नळ जोडलेला नाही. शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "उद्घाटन झालं होतं की. फटाके फोडले होते." या इमारतीवर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आम्ही स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडे मागितला आहे. ज्या कारणासाठी पैसा आला त्या कारणासाठी तो वापरला नाही, तर ती वसुलीची बाब असते, आणि वसुली सही करणाऱ्याकडून होते. तेव्हा ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी ही पोती आठवडाभरात बाहेर काढावीत. एवढ्या कामाला ना प्रस्ताव लागतो ना मंजुरी, दोन हमाल आणि एक छोटा हत्ती पुरे.

नगरसेवकांशी वेगळं बोलायला हवं. तुमच्यातले काही जण खासगीत म्हणतात, ही बाहेरची माणसं आहेत, यांना निवारा दिला तर अजून येतील. पहिलं म्हणजे ते खरं नाही. यातले कितीतरी जण याच जिल्ह्यातल्या तालुक्यांतून आलेले आहेत, कुणी दुष्काळाने, कुणी घरच्या मारझोडीला कंटाळून, कुणी मुलांनी बाहेर काढल्यामुळे. आणि बाहेरून आलेला असला तरी काय? तुमच्या वॉर्डातल्या इमारतींच्या स्लॅब कुणी ओतल्या? मतदार यादीत त्याचं नाव नसेल म्हणून तो तुमचा नाही, हा हिशेब तुम्ही जाहीर सभेत बोलून दाखवा, मग बघू.

रोजगार आहे तिथे माणूस जवळपास राहतोच, हे ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केलं. मुंबईतल्या पदपथावरच्या लोकांना १९८१ च्या भर पावसाळ्यात हुसकावायला निघाले होते, त्यावरून तो खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं त्यात सांगितलं. चाळीस वर्षं झाली त्या निकालाला. अतिक्रमण विभागाने तो वाचलेला दिसत नाही. सणाच्या आणि मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री पुलाखालची गाठोडी आणि ताडपत्र्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या जातात. त्या गाठोड्यांत कागद असतात, औषधं असतात, पोरांच्या वह्या असतात. यापुढे असं एक गाठोडं जरी उचललं तरी आम्ही त्याचं चित्रीकरण करून ते याचिकेला जोडू. आणि १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याचा धाक त्यांना घालू नका. तो कायदा आपल्याकडे अजून आहे, पण याच कायद्यातली मुख्य कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली आहेत. फुगे विकणं ही भीक नव्हे.

तुमच्या सभागृहात गाडगेबाबांची तसबीर आहे. खराट्याचा फोटो काढायचा दिवस आला की तिला हार पडतो. बाबांनी खराटा चालवला तशा पंढरपूर, नाशिक, आळंदीला आणि मुंबईतही धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा द्यायचं सूत्र आहे. स्वतः मात्र एकाही धर्मशाळेत कधी खोली घेतली नाही. वर्गणीच्या पैशाचा पै-पै हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाच्या तसबिरीखाली बसून तुम्ही 'निरंक' लिहून देता.

ज्या सोसायट्या 'आमच्या गल्लीत निवारा नको' म्हणून निवेदनं घेऊन फिरतात त्यांनाही सांगणं आहे. तुमच्या घरी पहाटे दूध, पेपर, भाजी पोचवणाऱ्यांतला एखादा माणूस निवारा नसल्याने फुटपाथवर झोपतो. निवारा झाला तर तो फुटपाथवरून निवाऱ्यात जाईल, एवढाच फरक पडेल. आणि संस्थांनाही एक सांगून ठेवतो. निवारा चालवण्याच्या नावाखाली हजेरीपटावर खोट्या अंगठ्या उठवून बिलं काढायला एखादी संस्था आपल्या शहरात पाय रोवू पाहत असेल, तर तिने आम्हाला महापालिकेपेक्षाही मोठी डोकेदुखी समजावं.

आता मुदती. त्या लिहून ठेवा.

३१ मार्चपर्यंत अंदाजपत्रकात बेघर निवाऱ्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आणि त्यात खरी तरतूद. हजार रुपयांची प्रतीकात्मक तरतूद आम्ही तरतूद धरणार नाही. ३० एप्रिलपर्यंत रात्रीचं सर्वेक्षण पूर्ण, आणि त्याचे आकडे वॉर्डनिहाय जाहीर. मे महिन्याच्या सर्वसाधारण सभेत जागांचा आणि निवाऱ्यांचा ठराव. कोण बाजूने, कोण विरोधात, कोण सभेलाच आलं नाही, याची यादी आम्ही सगळ्या वॉर्डांत वाटू. ३१ मेपर्यंत नगरविकास विभागाकडे प्रस्ताव रवाना: जुन्या निवाऱ्याची पुनर्सुरुवात, नवे निवारे, आणि आवास योजनेतून भाड्याची घरं, तिन्ही. आणि मृगाआधी किमान दोन बंद शाळा पावसाळ्यापुरत्या उघडून तिथे पाणी, वीज, संडास आणि रात्रपाळीचा माणूस. यासाठी कुठल्याही अनुदानाची वाट बघावी लागत नाही, आयुक्तांची एक सही पुरते.

दिल्लीत निवारा हा थंडीचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो पावसाचा आहे, त्यामुळे मृगाच्या मुदतीत एका दिवसाचीही सवलत मिळणार नाही.

मुदत मोडली तर आम्ही काय करू, तेही आत्ताच सांगतो, मागाहून 'कल्पना दिली नाही' असं कुणी म्हणू नये. जनहित याचिकेचा मसुदा तयार आहे. त्यात राज्य शासन आणि महापालिका प्रतिवादी असतीलच, शिवाय 'निरंक' या उत्तरावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला पदनामाने प्रतिवादी करू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राज्यस्तरीय देखरेख समितीकडे त्याच दिवशी तक्रार जाईल. न्यायालयाने विचारलं की तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बेघरच नाहीत. तेव्हा आम्ही फलाटावरच्या, पुलाखालच्या, मंडईतल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं पुढे ठेवू. त्यातली बरीचशी नोटरीसमोर करून झाली आहेत. आपलं नाव न्यायालयात जाणार म्हणून त्यांच्यापैकी कुणी घाबरलं नाही.

तुम्हाला हे टाळायचं असेल तर वाट अजून मोकळी आहे. सर्वेक्षणाला माणसं हवी असतील तर आमची मुलं रात्री येतील. प्रस्ताव लिहायला मदत हवी असेल तर आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांना सरकारी भाषा येते. त्यासाठी एक पैसाही नको. फक्त 'कार्यवाही सुरू आहे' हे पत्र पाठवू नका, ते न वाचता परत येईल.

१ जूनला सकाळी अकरा वाजता आम्ही महापालिकेच्या आवक-जावक विभागाच्या खिडकीशी उभे राहू; सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि तारीख दाखवा, आम्ही नोंद घेऊन निघून जाऊ. दाखवता आला नाही, तर उन्हाळी सुटीनंतर उच्च न्यायालय उघडेल त्याच दिवशी याचिका दाखल होईल.